वर्गणी न भरणाऱ्यांना संस्थेच्या वेबसाइटवर लिहू द्यावं का?

प्रश्न : एका नोंदणीकृत गिरिभ्रमण संस्थेच्या सचिवांचं पत्र आलं आहे. संस्थेचं सगळं काम स्वयंसेवी. वेबसाइटवर सह्याद्रीतल्या दीडेकशे किल्ल्यांची माहिती आहे : वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाची सोय, इतिहास, फोटो. सभासदांनी वर्षानुवर्षं स्वतः फिरून ती जमवली. बदल करण्याचा अधिकार फक्त सभासदांना आहे, आणि प्रत्यक्षात चौघं जण एकाच लॉगिनवरून तो वापरतात. गेल्या उन्हाळ्यात ‘माथ्यावरच्या टाक्यात बारमाही पिण्याचं पाणी’ हे वाक्य वाचून एक गट एका किल्ल्यावर गेला. टाकं कोरडं होतं. दोघांना उन्हाचा त्रास झाला आणि गावकऱ्यांनी त्यांना खाली आणलं. नंतर कळलं, की कातळाला भेग पडून टाक्यात पाणी टिकत नाही हे पायथ्याच्या गावातल्या एका शिक्षकांनी सहा महिने आधीच ईमेलने कळवलं होतं. आता तरुण सभासद म्हणतात, संपादन सगळ्यांना खुलं करा. ज्येष्ठ म्हणतात, जो वर्गणी भरत नाही, जबाबदारी घेत नाही, त्याला संस्थेच्या नावाखाली लिहायचा हक्क कसला? घटनेतही ते बसत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत निर्णय व्हायचा आहे आणि दोन गट पडले आहेत. सचिवांना दोन्ही बाजू पटतात. काय करावं, असं त्या विचारतात.

उत्तर :

नमस्कार,

सभा तोंडावर आली आहे, दोन्ही गट आपलेच आहेत आणि दोघांचंही खरं वाटतं. अशा वेळी सचिवाच्या खुर्चीत बसणं किती अवघड असतं, ते मी समजू शकते. तरी सुरुवात तुमच्या प्रश्नापासून न करता मी त्या शिक्षकांच्या ईमेलपासून करते.

त्यांनी काय केलं ते पाहा. टाकं कोरडं पडलेलं त्यांनी पाहिलं. तुमचं पान त्यांनी वाचलेलं होतं, त्यामुळे तिथे काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं. पत्ता शोधून, वेळ काढून त्यांनी कळवलं. त्यांना वेबसाइटवर लिहिण्याचा अधिकार नव्हता हे खरं. पण ज्यांना अधिकार होता त्या चौघांपर्यंत माहिती पोचली होती, आणि सहा महिने ती तशीच पडून राहिली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. चौघांत मिळून एक खातं असलं की ‘दुसरा कोणीतरी बघेल’ असं प्रत्येकाला वाटतं आणि कुणीच बघत नाही. घराघरांत, ऑफिसांत, सोसायट्यांत हे रोज घडतं.

म्हणून ‘बिगरसभासदांना अधिकार द्यावा का?’ एवढाच प्रश्न सभेपुढे ठेवलात, तर उत्तर हो येवो की नाही, पुढच्या उन्हाळ्यात हेच पुन्हा होऊ शकतं. आज वेबसाइट खुली केली आणि उद्या कुणी चांगल्या हेतूनेच चुकीची वाट लिहिली, तर ती कोण वाचणार? तेच चौघं, ज्यांनी आलेला ईमेल वाचला नाही. सभेत आधी विचारायला हवं ते हे : झालेला प्रत्येक बदल, आलेली प्रत्येक सूचना नेमकं कोण पाहतं आणि किती दिवसांत? याचं उत्तर मिळालं की कुणाला किती मोकळीक द्यायची हे ठरवणं बरंच सोपं होतं.

आता ज्येष्ठांच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यात एक गृहीतक आहे. सभासद म्हणजे जबाबदार, बाहेरचा म्हणजे बेजबाबदार. संस्था नोंदणी अधिनियम १८६० चं कलम १५ सभासद कोण ते सांगतं : नियमांप्रमाणे ज्याला दाखल करून घेतलं आहे, ज्याने वर्गणी भरली आहे किंवा सभासदांच्या यादीवर सही केली आहे, आणि ज्याने नियमांप्रमाणे राजीनामा दिलेला नाही. तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर मत देता येत नाही, तेही त्याच कलमात आहे. म्हणजे सभासदत्वाचा संबंध मताशी, निवडणुकीशी, पैशांशी, मालमत्तेशी. टाक्यात पाणी आहे की नाही हे कुणाला कळतं, याबद्दल त्यात काही नाही, आणि असण्याचं कारणही नाही. वर्गणी भरणारा पुण्यात किंवा ठाण्यात राहतो, किल्ल्यावर वर्षा-दोन वर्षांतून एकदा जातो. शिक्षक त्या किल्ल्याच्या सावलीत राहतात. दोघांचीही तुम्हाला गरज आहे, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

आणि ‘घटनेत बसत नाही’ हा मुद्दा घटना हातात घेऊन तपासा. बहुतेक जुन्या संस्थांच्या घटना वेबसाइट येण्याआधीच्या आहेत. त्यात सभासदांचे वर्ग, सभेची गणसंख्या, विश्वस्तांची मुदत, बँक खात्यावरच्या सह्या असं सगळं असतं. माहिती कुणाकडून घ्यावी यावर बंदी घालणारं कलम मला तरी सहसा दिसलेलं नाही. तसं कलम तुमच्या घटनेत नसेल तर हा विषय कार्यकारिणीच्या साध्या ठरावाने मार्गी लागू शकतो. घटनादुरुस्ती नको, धर्मादाय आयुक्तांकडे त्यासाठी धावपळही नको. सभेत कुणी ‘घटना’ म्हटलं तर नम्रपणे ‘कोणतं कलम?’ एवढंच विचारा.

आणखी एक गोष्ट, जी ज्येष्ठांना आवडणार नाही, पण सांगायलाच हवी. ‘फक्त सभासदांना अधिकार’ ही तुमची आजची स्थिती खरंच तशी आहे का? त्या लॉगिनचा पासवर्ड आतापर्यंत कुणाकुणाला दिला गेला? त्यातले किती जण संस्था सोडून गेले, किती जणांची वर्गणी थकली आहे? एखादं पान शेवटचं कुणी बदललं हे आज तुम्ही सांगू शकता का? एकाच खात्यावरून सगळे लिहितात तिथे प्रत्येक बदलावर एकच नाव पडतं. मग सभासदाची जबाबदारी म्हणजे नक्की कुणाची? ज्या जबाबदारीचा हवाला ज्येष्ठ देतात, ती त्यांना हवी तशी आज तुमच्याकडे नाही. ती यावी म्हणून पहिलं पाऊल एकच : प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं. आज, सभेच्या आधी. याला कुणाचाच विरोध असू नये.

तरुणांच्या म्हणण्यातही एक गृहीतक आहे : खुलं केलं की माहिती आपोआप सुधारते. इथे बहुधा विकिपीडियाचं उदाहरण दिलं जात असेल. ते चांगलं उदाहरण आहे, पण पूर्ण सांगायला हवं. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, त्याच मंडळींनी न्यूपीडिया नावाचा कोश सुरू केला होता. तिथे तज्ज्ञ लेख लिहीत आणि तो सात टप्प्यांच्या तपासणीतून जाई. तपासणी इतकी लांबत गेली की तो कोश बंद होईपर्यंत पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपासच होते. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला, तो वाटेल त्याला लिहू देऊन, आणि पुढचं आपण पाहतोच आहोत. मराठी विकिपीडियाही २००३ पासून आहे. इथपर्यंतची गोष्ट तरुण सांगतील.

पुढची गोष्ट अशी. २००५ साली जॉन सीगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी निनावी माणसाने लिहून ठेवलं, की अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांच्या हत्यांमध्ये सीगेनथेलर यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं. ते सुमारे चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवा लेख सुरू करण्यास मनाई केली. जर्मन विकिपीडियाने २००८ मध्ये वेगळी रीत आणली : नवख्याने केलेला बदल जुन्या जाणत्या संपादकाने पाहिल्यावरच सर्वसाधारण वाचकाला दिसतो. पोर्तुगीज विकिपीडियाने २०२० मध्ये खात्याशिवाय संपादन बंद केलं. म्हणजे जगातला सगळ्यात मोकळा कोशसुद्धा एका टोकाला थांबला नाही. कुठल्या पानाला किती मोकळीक हे तिथे आजही ठरत असतं. आणि त्यांच्याकडे अलीकडचे बदल तपासत बसणारे हजारो लोक आहेत. तुमच्याकडे चौघं. चौघांना जेवढं वाचून होईल तेवढंच खुलं करा, हे माझं या सगळ्या विषयावरचं मत आहे.

तुमच्या कामाशी जास्त जवळचं उदाहरण ओपनस्ट्रीटमॅपचं. हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. सह्याद्रीतल्या कितीतरी पायवाटा त्यात हौशी भटक्यांनीच नोंदवल्या आहेत. खातं उघडणारा कुणीही नकाशा दुरुस्त करू शकतो. या कामाला आधार देणारी एक प्रतिष्ठान संस्था २००६ मध्ये स्थापन झाली. तिला रीतसर सभासद आहेत, वार्षिक वर्गणी आहे, निवडणुका आहेत. पण नकाशावर काम करायला तिचं सभासद असावं लागत नाही. मतदानाचा हक्क एकीकडे, लिहिण्याची मुभा दुसरीकडे. दोन्हींत गल्लत नाही. पुढे त्यांनी एक सुरेख नियम केला : वर्षात किमान ४२ दिवस नकाशावर काम केलेल्याला वर्गणीशिवाय सभासदत्व मागता येतं. तुमच्या ज्येष्ठांना हे जरूर सांगा. ‘वर्गणी नाही तर हक्क नाही’ याला हे एक उत्तर आहे : काम हीच वर्गणी. तुमच्या घटनेत मानद किंवा सहयोगी सभासदाचा वर्ग असेलच. त्या शिक्षकांना तो देऊ करण्यासाठी कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळी वेबसाइट एकाच मापाने मोजू नका. एखादी ओळ चुकली तर काय बिघडेल, हे विचारून पानं वेगळी करा.

पायथ्याच्या गावाला जाणाऱ्या एसटीची वेळ, यात्रेची तिथी, माथ्यावर फुलणारी फुलं, बुरुजाचे फोटो : यात चूक झाली तर फार तर कुणाची गाडी चुकेल. आणि हीच माहिती सगळ्यात लवकर शिळी होते. ही खातं असलेल्या कुणालाही थेट बदलू द्या, सभासद असो वा नसो. आधी बदल, मग आठवड्यात एकदा तपासणी.

पाणी, वाटा, दोर लावायची ठिकाणं, शिडीची अवस्था, संकटात फोन करायचे नंबर : इथे चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतेल. यावर सूचना कुणीही पाठवावी, पण ती छापताना दोघांनी पाहावी, आणि हा नियम सभासदांनाही तसाच लागू करावा. ‘मी पंचवीस वर्षं त्या किल्ल्यावर जातोय’ ही गोष्ट आदराची आहे, पण टाक्यात आज पाणी आहे याचा तो पुरावा नाही.

या पाण्याच्या ओळीवर मी थोडी थांबते, कारण तुमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. ‘माथ्यावरच्या टाक्यात बारमाही पिण्याचं पाणी.’ या वाक्यात कोण बोलतंय ते नाही, कधी पाहिलं ते नाही, कुठलं टाकं तेही नाही. किल्ल्यावर टाकी एक नसतात; चार-सहा असतात, काही उघडी, काही खांबटाकी, काही शेवाळलेली. ज्याने हे लिहिलं त्याने बहुधा डिसेंबरात जाऊन लिहिलं, आणि ‘बारमाही’ हा शब्द कुणाच्या तरी ऐकण्यावरून टाकला. हेच असं लिहिलं असतं तर? ‘वायव्येकडच्या बुरुजाखाली तीन टाकी. मधल्यात पिण्याजोगं पाणी, उतरायला पायऱ्या नाहीत, दोरी-भांडं हवं. शेवटचं पाहिलं : डिसेंबर, अमुक साल, अमुक यांनी. मार्चनंतरची खात्री नाही, गावातून पाणी भरून घ्या.’ हे वाक्य जुनं झालं तरी वाचणाऱ्याला फसवत नाही, कारण ते आपलं वय स्वतः सांगतं. मे महिन्यात जाणारा ते वाचून जास्तीच्या बाटल्या घेईल. कुणाला लिहू द्यावं हा वाद सुटायच्या आधी तुम्ही एवढंच केलंत, पाणी आणि वाट यांच्या प्रत्येक नोंदीला तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव, तरी तुमची वेबसाइट आजच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित होईल. ज्या नोंदीची तारीख कुणालाच आठवत नाही, तिथे स्पष्ट लिहा : ‘पाहणीची तारीख उपलब्ध नाही’.

इतिहासाची पानं निरुपद्रवी वाटतात, पण आपल्याकडे खरी भांडणं तिथेच होतात. कुठल्या घराण्याने किल्ला राखला, किल्लेदार कोण, वतन कुणाकडे होतं, समाधी कुणाची. एखादा वाचक आपल्या आडनावाचा पूर्वज लढाईत घालून जाईल, दुसरा तो खोडेल, आणि दोघंही तुमच्या अध्यक्षांना फोन करतील. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. या किल्ल्यांविषयीचं कुतूहल वाढणार आणि अभिमानाबरोबर वादही वाढणार. म्हणून इथे नियम लेखकावर ठेवू नका, मजकुरावर ठेवा : बखर, पत्र, गॅझेटियर किंवा संशोधकाचं पुस्तक, पान क्रमांकासह. संदर्भ नसेल आणि गोष्ट मोलाची असेल, तर ‘गावात असं सांगतात’ अशा वेगळ्या मथळ्याखाली ती येऊ द्या. लोककथाही जपायलाच हव्यात, फक्त त्यांना इतिहासाच्या रांगेत बसवू नका.

काही माहिती मात्र कुणीच लिहू नये, सभासदानेही. गिधाडांची घरटी नेमकी कुठल्या कड्यावर आहेत, उघड्यावर पडलेली तोफ किंवा मूर्ती कुठल्या झाडीत आहे, याचा अचूक ठावठिकाणा वेबसाइटवर नको. तो वन विभागाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

आणि संस्थेची स्वतःची पानं : कार्यकारिणी, हिशेब, मोहिमेची नोंदणी, देणगीचा बँक खाते क्रमांक आणि क्यूआर कोड. ती पदाधिकाऱ्यांपैकी दोघांच्याच हातात असू द्या. देणगीच्या पानावरचा क्यूआर कोड बदलायला एक मिनिट पुरतं. आज तुमच्या सामाईक लॉगिनवरून तो कुणालाही बदलता येतो, हे लक्षात घ्या. ज्येष्ठांची भीती इथे शंभर टक्के रास्त आहे, आणि ती बाहेरच्यांपुरती नाही.

हे सगळं जमवायला नवीन वेबसाइट बांधायची गरज नसते. तुमची वेबसाइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर असेल तर त्यात ‘कॉन्ट्रिब्युटर’ नावाची भूमिका आहे. तो मजकूर लिहून ठेवू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. ‘एडिटर’ तो पाहून प्रसिद्ध करतो. पानांच्या जुन्या आवृत्त्या जतन होतात, त्यामुळे बिघडलेलं पान मागे नेता येतं. बाहेरच्याला आधी कॉन्ट्रिब्युटर करा; त्याने लिहिलेल्या काही नोंदी नीट निघाल्या की त्याचे हक्क वाढवा. खात्याशिवाय, निनावी लिहिण्याची सोय मात्र ठेवू नका. ती ठेवलीत तर पहिल्या आठवड्यात किल्ल्यांच्या पानांवर कर्जाच्या आणि जुगाराच्या जाहिराती येतील, आणि तुमचे चौघं त्या पुसण्यातच दमतील.

पण एवढं करूनही ते शिक्षक बाहेरच राहतात आणि गावातला वाटाड्याही, याचा विचार कुठल्याच गटाने केलेला दिसत नाही. खातं उघडा, पासवर्ड ठेवा, चौकटीत मजकूर भरा, हे शहरातल्या तरुणाला सोपं वाटतं. गुरं घेऊन रोज माचीवर जाणाऱ्या माणसाला दरड कोसळून वाट बंद झाल्याचं सगळ्यांत आधी कळतं, आणि तो वेबसाइटवर कधीही लिहिणार नाही. त्याला संपादनाचा हक्क देऊन काही उपयोग नाही. त्याला एक फोन नंबर हवा, ज्यावर तो व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवेल : ‘वरची शिडी हलतेय, पोरांना पाठवू नका.’ तो निरोप ऐकून, उलट फोन करून, पानावर उतरवणारा सभासद हवा. इथे सभासदांना खरं मानाचं काम आहे. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा गावाशी बोलत राहणं कधीही मोलाचं. प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याला असा एक माणूस जोडून ठेवा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याला फोन करा. त्याचं नाव पानावर घालायचं तर त्याला विचारून घाला. फोन नंबर तर विचारल्याशिवाय कधीच नको, कारण रात्री अकराला ‘काका, जेवण मिळेल का?’ असे फोन त्याला येतात, तुम्हाला नाही.

ज्येष्ठांबद्दल आणखी थोडं. ‘हक्क कसला’ या शब्दांमागे मला हट्टापेक्षा दुखावलेपण जास्त दिसतं. जीपीएस नव्हतं, गाड्या नव्हत्या, तेव्हा एसटीने जाऊन, गावात देवळात झोपून, वहीत नकाशे काढून त्यांनी ही माहिती जमवली. ती उद्या कुणीतरी येऊन खोडेल आणि आपलं नाव कुठे उरणार नाही, ही भीती खोटी नाही. तिला नियमांतच उत्तर द्या. मूळ पाहणी कुणी, कोणत्या साली केली ते प्रत्येक पानाच्या तळाशी कायम राहील असं ठरवा. आणि प्रत्येक पानाला एक किल्लेदार नेमा : तीस किल्ले जाणणाऱ्याला तीस नकोत, त्याच्या आवडीचे पाच द्या. त्या पाच किल्ल्यांबद्दल आलेली प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाईल, आणि आठ दिवसांत ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘तपासतोय’ यांपैकी एक उत्तर पाठवणं हे त्याचं काम. ज्यांना संगणक जमत नाही त्यांच्या जोडीला एक तरुण सभासद द्या. तुमचे दोन गट एका पानावर कामाला बसले की बरीचशी कटुता आपोआप निवळेल, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचं थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ७९ दुसऱ्याचा मजकूर नुसता वाहून नेणाऱ्या मध्यस्थाला काही संरक्षण देतं. पण तुम्ही मजकूर निवडता, तपासता, संस्थेच्या नावाने देता; त्यामुळे त्या संरक्षणावर विसंबू नका, जे छापलं ते आपलं असं धरून चाला. किल्ल्यांच्या वेबसाइटवर बदनामीचा प्रश्न कुठून येईल असं वाटेल, पण ‘अमुक घरात मुक्काम करू नका, लुबाडतात’ असं एक वाक्य पुरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. माणसांवरची अशी शेरेबाजी, खरी असो वा खोटी, पानावर नकोच. ती किल्लेदाराने ऐकून घ्यावी. दुसरं म्हणजे लेखनाचा आणि फोटोंचा हक्क. प्रताधिकार अधिनियम १९५७ प्रमाणे तो सहसा लिहिणाऱ्याचा आणि फोटो काढणाऱ्याचा असतो, आणि हक्क संस्थेच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतं. सभासदांचे जुने फोटोही यात आले. हक्क काढून घेऊ नका. ‘संस्थेला हे वापरण्याची, दुरुस्त करण्याची परवानगी आहे’ एवढी लेखी संमती खातं उघडतानाच घ्या. मसुदा एखाद्या वकील सभासदाला दाखवा.

हाच प्रश्न इतर संस्थांनाही पडतो. गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची, पक्षिमित्रांच्या नोंदी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची नवागतांसाठीची माहिती. तिथेही आधी हेच विचारून पाहावं, की चूक झाली तर कुणाला भोगावं लागेल आणि ती कुणाच्या नजरेला किती लवकर पडेल. रक्तदात्यांची किंवा सर्पमित्रांची यादी असेल, तर तिथे बाहेरच्याने थेट बदल करण्याची मुभा मी देणार नाही. एक आकडा चुकला तर मध्यरात्री मदत शोधणारा माणूस भलत्याच घरी फोन लावत बसेल. पुस्तकांच्या यादीबाबत मात्र मी हात सैल ठेवीन.

सभेत कायमचा निर्णय मागू नका. दसऱ्यानंतर भटकंतीचा हंगाम सुरू होतो. तेव्हापासून तीन महिने, निवडक पाच-सहा किल्ल्यांवर प्रयोग करू, असा ठराव ठेवा. किती सूचना आल्या, त्यांतल्या किती बिगरसभासदांच्या, उत्तर द्यायला किती दिवस लागले, किती बदल मागे घ्यावे लागले, हे एका वहीत लिहीत जा. उत्तरं आठ दिवसांत जात नसतील तर आणखी किल्ले खुले करू नका, आधी माणसं वाढवा. उत्तरं वेळेत जात असतील आणि बिघाड कमी असेल, तर पुढच्या सभेत ज्येष्ठांसमोर तीच वही ठेवा.

ठराव दोन वेगवेगळे मांडा. एक, प्रत्येकाला स्वतंत्र खातं, नोंदींना तारीख आणि नाव, पानांना किल्लेदार. दुसरा, बिगरसभासदांसाठी प्रयोग. पहिला बहुधा एकमताने होईल, आणि दुसऱ्यावर वाद लांबला तरी पहिल्याचं काम त्यासाठी अडणार नाही.

आणि सभेच्या आधी एक गोष्ट तपासून घ्याच : वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, आणि ती इंटरनेटवर ठेवायची भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग, कुणाच्या नावावर, कुणाच्या ईमेलवर आहे. स्वयंसेवी संस्थांत ते पुष्कळदा एखाद्या उत्साही सभासदाने स्वतःच्या कार्डवर पैसे भरून घेतलेलं असतं. तो परदेशी जातो, कार्डाची मुदत संपते, नूतनीकरणाच्या सूचना कुणी न उघडणाऱ्या पत्त्यावर जात राहतात, आणि एके दिवशी दीडशे किल्ले एकदम गायब होतात. ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर करून घ्या, आणि सगळ्या मजकुराची एक प्रत वेगळी उतरवून कार्यालयात ठेवा.